चाऊश नावाचा देश

किल्लारीच्या पत्र्याच्या शेडांवर राघू, वांगी नि सूर्य कुणी रंगवले होते, हे आता तिथं विचारून उपयोग नाही. शेडं कधीच निघाली, पक्की घरं झाली, पत्रे कुणाच्या गोठ्यावर गेले, कुणी भंगारात घातले. पण डोळे मिटले की मला ती चित्रं दिसतात. पांढरट उन्हात पत्र्यांच्या लांबच लांब ओळी, आणि प्रत्येक दारावर काहीतरी वेगळं. त्या चित्रांच्या खाली, पायाशी पडलेल्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असे: चाऊश पेंटर, लातूर.

त्या माणसाचं पूर्ण नाव महेबूब बिन सालेह, म्हणजे सालेहचा मुलगा महेबूब. नाव असं कुणी घेत नसे. लातुरात सगळे त्यांना चाऊशच म्हणत.

मी तेव्हा आंबाजोगाईला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर आम्हा मुलामुलींना ट्रकमध्ये घालून किल्लारीला नेलं. माझं गाव मुरुड, वडील शेतकरी, हा सगळा मुलूख पायाखालचा. तरी त्या दिवशीचा रस्ता मला ओळखीचा वाटला नाही. पुढं दिवाळीच्या सुमाराला पत्र्याची शेडं उभी राहिली, माणसं तंबूतून तिकडं गेली, आणि मी सुट्टीच्या दिवशी एका परदेशी मदत पथकाच्या दवाखान्यात कामाला जायला लागले. पथकातले लोक पाच-सहा देशांचे होते. रोगी बोलणार मराठीत, डॉक्टर विचारणार इंग्रजीत, मधे मी.

शेडं सगळी सारखी. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. म्हणून ठेकेदारानं दारांवर नंबर टाकायला महेबूबचाचांना लातूरहून आणलं होतं. चाळिशीचा, उंच, किडकिडीत माणूस. लुंगी नि वर स्वेटर. पत्र्यावर ब्रश टेकवायच्या आधी ते थोडा वेळ नुसतं बघत उभे राहायचे, आकडा जणू आधीपासूनच तिथं आहे आणि आपण तो फक्त गिरवायचा आहे.

दवाखान्याच्या तंबूसमोरच्या ओळीत गुणाबाई नावाची साठीची बाई राहायची. घरातली तीन माणसं गेली होती. ती पाणी आणायला जायची आणि परत येताना दुसऱ्याच कुणाच्या शेडात शिरून चुलीपाशी बसायची. लोक हाताला धरून तिला परत आणायचे. एके सकाळी ती रस्त्यातच उभी राहिली आणि हाक मारली, "ओ चाऊश! माजं कंचं घर?"

"एकशेबेचाळीस, मावशी. ते बघ, लिवलंय की."

"मला आकडं येत न्हाईत. राघू काढ."

"काय?"

"राघू. हिरवा. माज्या जुन्या दाराच्या चौकटीवर होता. त्यो दिसला की मी बराबर जाईन."

ठेकेदाराकडं हिरवा रंग नव्हता. चाचांनी निळ्यात पिवळा कालवला आणि दारावर राघू काढायला घेतला. दुसऱ्या दिवशी बाया रांगेनं उभ्या. एकीला बैल पाहिजे, एकीला वांगं, एकीला तिच्या गेलेल्या लेकीच्या झबल्यावरचं फूल. आठ-दहा दिवसांत त्या पत्र्याच्या वस्तीचं असं काही झालं की संध्याकाळच्या उजेडात लांबून बघावं तर कुणीतरी झोपेत बघितलेलं गाव वाटायचं. बाया पत्ता सांगायच्या, "बैलाच्या पुढं, कणसाच्या बाजूला."

तो पहिला राघू निम्मा झाला असतानाच, त्याच सकाळी, ही गोष्ट घडली.

पथकात नेजात नावाचा एक तुर्की गृहस्थ होता. जनरेटर सांभाळायचा. पिकलेल्या मिशा, हातांना कायम तेल. तो जनरेटरपाशी उकिडवा बसला होता. गुणाबाईनं पुन्हा मोठ्यानं हाक मारली, "चाऊश, चोच लाल कर बरं का!" आणि नेजात ताडकन उठून उभा राहिला. सवयीनं हात कपाळापर्यंत गेला. मग इकडंतिकडं बघत तो माझ्याकडं आला. "तिनं चावुश म्हटलं. कोण आहे चावुश?"

मी चाचांकडं बोट दाखवलं. तो त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "ह्यांना विचार, फौजेत होतास का?"

"मी? न्हाई. माजा आजा होता. निजामाच्या फौजेत."

"मग तुला चावुश का म्हणतात?"

"कारण मी चाऊश हाय," चाचा मला म्हणाले. "त्याला सांग बेटा, ते आमच्या लोकांचं नाव हाय. आमी अरबस्तानातनं आलेलो."

नेजात हसला. वाईट हसू नव्हतं ते. त्यानं आपल्या बाहीवर बोटानं पट्ट्या ओढून दाखवल्या आणि म्हणाला, की चावुश हा तुर्की शब्द आहे, फौजेतला हुद्दा. दहा-बारा शिपायांवरचा माणूस. तो स्वतः लष्करी नोकरीत चावुश होता, म्हणून हाक ऐकली आणि पाय आपोआप उठले.

मी ते मराठीत करताना जरा चाचरले. "चाचा, ते म्हणतात, त्यांच्या भाषेत चाऊश म्हणजे हवालदार."

"हवालदार?"

"हवालदारच. देश नाही, जात नाही. हुद्दा."

चाचांनी ब्रश डब्यात ठेवला आणि ते तिथंच मातीत बसले. नेजातला वाटलं आपलं काही चुकलं. त्यानं सिगारेट पुढं केली. चाचांनी घेतली नाही. गुणाबाई बराच वेळ वाट बघत उभी होती, मग ती म्हणाली, "राघूला डोळा न्हाई काढला अजून. आंधळा ठेवतो का काय त्याला?" तेव्हा ते उठले आणि डोळा काढला.

दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. चाचा तंबूच्या सावलीला आले आणि आपणहून सांगायला लागले. बोलणं माझ्याशी होतं, पण नजर शेडांच्या पलीकडं कुठंतरी.

ते नांदेडचे. वडील सालेह कापड गिरणीवर पहारेकरी. आजोबा अवद दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौत नावाच्या मुलखातून पोरवयात निजामाच्या चाकरीला आले, आणि नांदेडच्याच बाईशी लग्न करून राहिले. निजामाचं राज्य गेल्यावर, पोलीस ॲक्शननंतर, बाहेर जन्मलेल्या पुष्कळ अरबांना छावणीत ठेवून जहाजानं माघारी धाडलं. अवदही त्यांत गेले. सालेह नांदेडात जन्मलेले म्हणून राहिले. महेबूब त्यानंतरचे, त्यांनी आजोबांना पाहिलंच नव्हतं. मोहल्ल्यात लग्नाला मरफ्याचे अरबी ढोल वाजायचे, सणाला गहू-मटणाचं हरीस शिजायचं, आणि गल्लीतली सगळी पोरं त्यांना चाऊश म्हणायची. पोराच्या मनानं हिशेब साधा केला: जपानचा तो जपानी, चीनचा तो चिनी, तसा आपण चाऊश. म्हणजे चाऊश नावाचा देश असणार.

"शाळेत मेणकापडाचा नकाशा होता," चाचा म्हणाले. "जगाचा. मधल्या सुट्टीत मी त्याच्यापुढं उभा ऱ्हायचो. बोट फिरवत फिरवत सगळे देश वाचले. चाऊश कुठंच न्हाई. मला वाटलं, लई बारका असंल, म्हणून लिवला नसंल. मग मीच बनवला. मातीची उंच घरं, खिडक्यांना चुना लावलेला, खाली खजुराची बाग. आजा तिथं माडीवर बसलेला. झोप लागायच्या आधी रोज थोडा थोडा बनवायचो. आज रस्ता, उद्या विहीर. मोठा झालो, कळलं की हद्रमौत म्हणून मुलूख हाय, पण माजा देश ऱ्हायलाच. भिंत रंगवताना अजून जातो मी तिथं. चाळीस वर्सं बेटा. आणि निघाला कोण, तर हवालदार."

समोर एक आख्खं गाव नाहीसं झालं होतं. त्यापुढं ह्या न झालेल्या देशाचं दुःख करावं की नाही, हे मला समजत नव्हतं. त्यांनाही बहुतेक समजत नव्हतं. ते हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसले.

नेजात जाताना त्यांना आपली लोकरी टोपी देऊन गेला.

पुढं मी लातूरला दवाखाना काढला. पाटी चाचांकडूनच करून घेतली. ते मागच्याच गल्लीत राहायचे, म्हणून येणंजाणं वाढलं. त्यांची बायको गौसिया गुडघेदुखीसाठी यायची. तिला मी एकदा विचारलं, चाचा अजून स्वप्नं बघतात का? ती म्हणाली, "ह्यांचा देश डोळे मिटले की सुरू होतो. तिथं भाजी आणायला जावं लागत न्हाई, म्हणून बरा वाटतो."

तोपर्यंत लातूर पालटायला लागलं होतं. जिकडंतिकडं शिकवण्या. घरमालकांनी गच्च्यांवर खोल्या चढवल्या, जळकोटपासून देगलूरपर्यंतची पोरं दप्तरं घेऊन उतरायला लागली. ट्यूशन एरियात सकाळी सहाला सायकलींचा असा लोंढा निघायचा की रस्ता वाहतोय असं वाटावं. चाचांच्या हाताला उसंत नव्हती. एकेका भिंतीवर भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खाली पास झालेल्या पोरांचे चेहरे. मग फ्लेक्स आला. चाचा फक्त भिंती आणि दारं रंगवायला लागले, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. त्याआधी एकदा भर उन्हात शिडीवर चढून 'विज्ञान' मधला 'ज्ञ' काढत होते. मी खालून हाक मारली तर पाचेक मिनिटं ऐकूच आली नाही. खाली उतरल्यावर म्हणाले, "लांब गेलतो जरा."

त्यांचा मुलगा नबील एसीचं काम शिकला आणि जेद्दाला गेला. घरात केवढा उत्साह! चाचांचे आजोबा अवद माघारी गेल्यावर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी घरातलं कुणीतरी पुन्हा अरबस्तानात पाय ठेवणार होतं. चाचांनी त्याला निघताना सांगितलं, "तिथं कुणी इचारलं तर सांग, मी नबील बिन महेबूब बिन सालेह बिन अवद. ते वळखतील."

पहिला फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडंच होते, गौसियाचा गुडघा बघायला. चाचांनी फोनचा स्पीकर लावला. नबीलचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा.

"अब्बा, हितं मला सगळे हिंदी म्हणतात."

"हिंदी? आपण कुठं हिंदी बोलतो?"

"बोलीचं न्हाई अब्बा. माणसाला म्हणतात. हिंदी म्हंजे हिंदचा. मी नाव सांगितलं, बिन सांगितलं, तरी मुकादम म्हणतो, ए हिंदी, शिडी धर."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी काही अर्थ लावून देईन म्हणून. मला एकदम माझ्या वडिलांची आठवण झाली. ते जुन्या वळणाचे. आपल्या लोकांना 'हिंदी लोक' म्हणायचे, फौजेला 'हिंदी फौज'. मराठीत हा शब्द देशाच्या माणसासाठीच होता. हळूहळू तो भाषेवर जाऊन बसला आणि माणसाकडं 'भारतीय' आला. "पण समुद्र तसाच राहिलाय," मी म्हटलं. "नकाशात बघा, हिंदी महासागर. तिथं काय कुणी हिंदी बोलत नाही."

चाचांना हे फार आवडलं. फोनवर ते नबीलला म्हणाले, "हिंदी म्हणून हाक मारली तर ओ दे बेटा. तुज्या नावाचा समिंदर हाय."

नबीलची मुलगी अर्शी आजोबांच्या हाताखाली वाढली. हुशार. तिनं दोन वर्षं शिकवण्या केल्या, परीक्षा दिली, आणि प्रवेशाच्या वेळी कागदांची यादी आली. त्यात एक कागद होता: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. ते तहसील कचेरीतून आणायचं. साधी गोष्ट. पण अर्शीच्या जन्माच्या दाखल्यावर 'अर्शी बिन्ते नबील बिन महेबूब' होतं आणि शाळेच्या दाखल्यावर 'अर्शी नबील चाऊश'. बाप परदेशात. कचेरीतले अव्वल कारकून चंद्रप्पा म्हणाले, घरातल्या मोठ्या माणसाचा जुना पुरावा आणा. चाचांनी पेटीतून आपला शाळेचा दाखला काढला. मुदतीला सहा दिवस राहिले होते. अर्शीचं तोंड उतरलेलं, म्हणून मी दवाखाना बंद ठेवून बरोबर गेले.

चंद्रप्पांनी चष्मा लावला आणि एकेक रकाना बोटानं वाचत आले. बोट थांबलं.

"राष्ट्रीयत्व, चाऊश?"

चंद्रप्पांनी चष्म्यावरून चाचांकडं बघितलं.

"हा देश कुठं आला म्हणायचा?"

अर्शीनं आजोबांकडं बघितलं. तिनं तो दाखला कधी नीट वाचलाच नव्हता. चाचा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, चूक माजी हाय. नाव घालताना गुरुजी एकेक इचारत होते. धर्म सांगितला. मग म्हणले, राष्ट्रीयत्व? मला शबुद ठाऊक न्हवता. गुरुजी म्हणले, अरे, तू कुठल्या लोकांतला? मी म्हणलं, चाऊश. त्यांनी लिवलं."

"आणि घरच्यांनी बघितलं नाही?"

"वडलांना वाचता येत न्हवतं."

"मग चाऊश म्हणजे नेमकं काय?"

"हवालदार," चाचा म्हणाले.

बाजूच्या टेबलावरचा माणूस फिस्सकन हसला. चंद्रप्पा हसले नाहीत. त्यांची अडचण खरी होती. त्यांनी कागद उचलले आणि नायब तहसीलदार महानंदाबाईंच्या खोलीत आम्हाला घेऊन गेले. बाई तरुण होत्या. त्यांनी दाखला दोनदा वाचला, सगळं ऐकून घेतलं आणि चाचांना विचारलं, "तुमचा जन्म?"

"नांदेड."

"वडिलांचा?"

"नांदेड."

"आजोबांचा?"

पंखा फिरत होता. चाचांची नजर खिडकीबाहेर गेली आणि मला धाकधूक वाटली, आता हे चुन्याच्या खिडक्यांच्या घरांत निघून जातात की काय. अर्शीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आजा लांबनं आलता," ते म्हणाले. "परत गेला. आमी ऱ्हायलो. मी पेंटर हाय बाई, लातुरात निम्म्या भिंती माज्या हायेत. भारतीय लिवा. तेच खरं हाय. फकस्त ह्या दाखल्यावरचं चाऊश खोडू नका."

"जुन्या दाखल्याला आम्ही हात लावत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चंद्रप्पांना सांगितलं, आजोबांचं शपथपत्र घ्या, तिन्ही नावं एकाच कुटुंबाची आहेत असं लिहून घ्या, दोन साक्षीदार घ्या. एक मी झाले. दुसरा कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला. त्याच्या दुकानाची पाटी चाचांनी केलेली होती. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. अर्शीनं ते कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते, मधे कुठं चुकत नाही ना हे तपासत असल्यासारखे.

डॉक्टरकीला तिचा नंबर लागला नाही. फिजिओथेरपीला लागला. ती थोडी रडली आणि गेली. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तिनं गौसियाच्या गुडघ्यांना व्यायाम शिकवला, तेव्हापासून गौसिया माझ्याकडं यायची बंद झाली.

दोन हजार एकोणीस साली नबील कायमचा परत आला. त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. नबीलनं येताना मधाची एक बाटली आणली होती. त्याच्याबरोबर काम करणारा सईद नावाचा माणूस हद्रमौतचा होता. त्यानं गावाकडून मागवून दिलेला मध. गौसियानं तो वाटीत काढला. दाट, काळसर.

"त्याला सांगितलंस का?" चाचांनी विचारलं. सत्तरीला टेकले होते, हात थरथरायचा, ब्रश सोडून वर्ष झालं होतं. "आजाचं नाव सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणला, अवद नावाचे ढीगभर असतात. मग मी म्हणलं, आमी चाऊश." नबील भाकरीचा तुकडा मोडत थांबला. "त्याला शबुदच म्हाईत न्हाई, अब्बा. म्हणला, हे काय असतं? गावाकडं म्हाताऱ्यांना फोन लावून इचारलं त्यानं. म्हणले, आमच्यात असं कुणाला म्हणत न्हाईत."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच."

"मग कुठं म्हणतात?"

"हितंच. हैदराबाद, नांदेड, औरंगाबाद. आपल्याकडंच."

गौसियानं काळजीनं चाचांकडं पाहिलं. मलाही वाटलं, पुन्हा ते मातीत बसल्यासारखे होतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. त्यांनी अर्शीला तो शब्द परत एकदा म्हणायला लावला, आपल्या सुनेला म्हणायला लावला, मग माझ्याकडं वळून, "डॉक्टरीणबाई, तुमी म्हणा." मी म्हटलं. ते दर वेळी मान डोलावत होते.

"हितलाच हाय," ते म्हणाले. "म्हंजे पेरला दुसरीकडं, आणि उगवला हितं."

मग त्यांनी ज्वारीच्या गरम भाकरीवर मध घेतला, पहिला घास गौसियाला दिला आणि तिनं तोंड वाकडं केलं. फार गोड आहे म्हणाली. त्यांनी दुसरी भाकरी मागितली.